पहिल्या रांगेतली गर्दी

“ताई, पोरीला सरांचं समदं ऐकू येतंय, पण सरांना पोरीचं कायबी ऐकू जात न्हाई.”

जून 2021 मधला हा फोन. लॉकडाऊन, क्लास सगळे ऑनलाइन, आणि फोन करणारे बुधगावचे एक शेतकरी. मी त्यांना म्हटलं, “काका, राउटर एकदा बंद करून चालू करा.” त्या एका वाक्यात त्यांनी मला दुखण्याचा ठावठिकाणा सांगितला होता. तो माझ्या डोक्यात शिरायला पुढे नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस आणि त्यानंतर मी या विषयात जे वाचलं, करून पाहिलं, ते इथे सविस्तर लिहून ठेवते आहे. मराठीत मला हे कुठे सापडलं नव्हतं. आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात छोटे इंटरनेट पुरवठादार आहेत आणि त्यांच्या खोलीत असाच एखादा लिनक्सचा बॉक्स घरघरत असतो, म्हणून लिहायला हवं असं मनापासून वाटतं.

आमचा धंदा मुळात केबलचा. आप्पांनी मिरजेत केबल टीव्ही सुरू केला, मी डिप्लोमा करून त्यात आले, आणि केबलच्या तारा हळूहळू फायबर झाल्या. 2021 मध्ये आमचे साधारण तीन हजार ग्राहक एका सर्व्हरवरून जात होते. आठ कोअर, 2.4 गिगाहर्ट्झ, दोन पोर्टांचं दहा गिगाबिटचं कार्ड. एका पोर्टावर ग्राहकांकडून येणारी वाहतूक, दुसऱ्यावर बाहेरचं इंटरनेट. ग्राहक पीपीपीओईने (नाव-पासवर्ड देऊन जोडणी करायची पद्धत) लॉगिन करतो, सर्व्हर त्याचं पाकीट फोडून आतलं आयपी पॅकेट काढतो, नॅट करतो (म्हणजे ग्राहकाचा आतला पत्ता बदलून बाहेरचा लावतो), त्याच्या प्लॅनप्रमाणे वेग बांधतो आणि पुढे पाठवतो.

तक्रार रोज एकाच वेळी यायची. रात्री आठ ते अकरा. पान उघडायला वेळ लागतो, पण एकदा उघडायला लागलं की पटकन उघडतं. व्हिडिओ सुरू व्हायला वेळ, सुरू झाला की अडकत नाही. स्पीडटेस्टचा डाउनलोडचा आकडा तर अगदी प्लॅनप्रमाणे. सर्व्हरवर पाहिलं तर सीपीयूची सरासरी 21 टक्के. एका विक्रेत्याने ग्राफ पाहून दुप्पट कोअरच्या नव्या सर्व्हरचं कोटेशन पाठवलं. मी ते आप्पांपुढे ठेवलं.

आप्पांना लिनक्स येत नाही. पण केबलच्या काळात कुठल्या घरी चित्राला मुंग्या आल्या की ते सिग्नल मीटर घेऊन स्वतः खांबावर चढायचे. प्रत्येक ॲम्प्लिफायरच्या आधी एक माप, नंतर एक माप. त्यांनी कोटेशन वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, “अगं, मीटर कुठंकुठं लावलंस?”

एकाच ठिकाणी लावलं होतं. सरासरीवर.

त्या रात्री नऊ वाजता मी आठही कोअर वेगवेगळे पाहिले. सात कोअर दहाच्या आसपास आणि पहिला 100 टक्के. त्यावर केसॉफ्टआयआरक्यूडी नावाची प्रक्रिया ठाण मांडून बसलेली. नेटवर्क कार्डाकडून आलेली पॅकेट उचलायचं काम हाताबाहेर गेलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ते या प्रक्रियेकडे सोपवतो. शंभर अधिक सात गुणिले दहा, भागिले आठ, म्हणजे सरासरी 21. आकडा खरा होता, पण त्याने मला काहीच सांगितलं नव्हतं.

आता थोडं पॅकेटच्या हिशोबाबद्दल, कारण सगळं त्यावर उभं आहे.

आपण सगळे मेगाबिट-गिगाबिटमध्ये बोलतो. ग्राहक तसं विचारतो, आपण तसंच विकतो. पण सर्व्हर बिट मोजत नाही, पॅकेट मोजतो. माझं आजोळ तासगावजवळ आहे. तिथे मामाबरोबर संध्याकाळी डेअरीत दूध घालायला जायचे. कुणी अर्धा लिटर आणलेलं असो की वीस लिटर, नमुना घ्यायचा, फॅट बघायचं, वहीत नोंद करायची, याला लागणारा वेळ तेवढाच. रांग किती लांब चालणार हे किती लिटर दूध आलं यावर ठरत नाही, किती किटल्या आल्या यावर ठरतं. कर्नलचंही तसंच आहे. पॅकेट 1500 बाइटचं असो की 64 चं, त्याचा पत्ता बघायचा, नियम तपासायचे, नॅटच्या तक्त्यात शोधायचं, हे कष्ट जवळपास सारखेच.

दहा गिगाबिटच्या तारेवर पूर्ण आकाराच्या फ्रेम (तारेवरून जाणारी पॅकेट) धावल्या तर सेकंदाला साधारण 8 लाख 12 हजार होतात. त्याच तारेवर सगळ्या लहानात लहान, 64 बाइटच्या, फ्रेम आल्या तर तारेवर प्रत्येकीच्या आधी 8 बाइट आणि नंतर 12 बाइटांची मोकळी जागा धरून 84 बाइट होतात, आणि सेकंदाला 1 कोटी 48 लाख 80 हजार. एका पॅकेटच्या वाट्याला 67.2 नॅनोसेकंद. तीन गिगाहर्ट्झच्या कोअरला एवढ्या वेळात जेमतेम दोनशे सायकल, म्हणजे घड्याळाचे ठोके, मिळतात. मुख्य मेमरीतून एकदा काही आणायचं म्हटलं तर जवळपास तेवढाच वेळ त्यातच जातो. हा आकडा मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा बराच वेळ बघत बसले होते. आपण ज्याला सहज “नेट” म्हणतो त्याच्या पोटात इतकी घाई चाललेली असते.

आमच्या सर्व्हरवर रात्री नऊला डाउनलोड 3.1 गिगाबिट, सेकंदाला 2 लाख 90 हजार पॅकेट. अपलोड फक्त 600 मेगाबिट, पण पॅकेट 2 लाख 60 हजार! बिटांत पाचवा हिस्सा, पॅकेटांत जवळपास बरोबरी. कारण उघड आहे. व्हिडिओचे तुकडे येतात ते मोठे, आणि ते पोचल्याची ग्राहकाकडून जाणारी पोच असते ऐंशीएक बाइटांची. त्यात क्लास ऑनलाइन, म्हणजे प्रत्येक घरातून आवाज आणि चित्र वर जाणार. मी वर्षभर अपलोडच्या ग्राफकडे नीट पाहिलंही नव्हतं, इतका तो बुटका दिसायचा.

मग मीटर एकेका ठिकाणी लावत गेले. कार्डाचे स्वतःचे आकडे दाखवणारं इथटूल आहे, त्यात “मिस्ड” म्हणून एक मोजणी असते. पॅकेट तारेवरून आलं, पण ठेवायला जागा नव्हती म्हणून कार्डाने सोडून दिलं, असं ती सांगते. ग्राहकांच्या बाजूच्या पोर्टावर हा आकडा रात्री पळत होता. बाहेरच्या पोर्टावर शून्य. म्हणजे येणारं सगळं नीट येत होतं आणि जाणारं गळत होतं.

पोरीला सरांचं ऐकू येतंय, सरांना पोरीचं ऐकू जात नाही.

स्पीडटेस्ट का बरोबर दिसत होता तेही तेव्हा उमगलं. डाउनलोड चालू असताना दहातली एखादी पोच हरवली तरी मागून येणारी पोच तिचं काम करते, टीसीपी (पोच बघून हरवलेलं पुन्हा पाठवणारी पद्धत) तेवढं सांभाळून घेतं. पण पान उघडताना जाणारं अगदी पहिलं पॅकेट हरवलं तर ग्राहकाचं मशीन साधारण एक सेकंद वाट बघून मगच पुन्हा पाठवतं. डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता विचारणारी, विचारणा हरवली तर अनेकदा त्याहून जास्त. म्हणून “उघडायला वेळ लागतो, मग पटकन उघडतं.” लोक जे सांगत होते ते शब्दशः खरं होतं.

आता प्रश्न एकच उरला. बाहेरच्या पोर्टाची पॅकेट आठ कोअरमध्ये वाटली जातात, मग आतल्या पोर्टाची एकट्या पहिल्यावरच का?

आजच्या कार्डांवर येणाऱ्या पॅकेटसाठी अनेक रांगा असतात, आणि एकेक रांग एकेका कोअरला जोडलेली असते. कुठलं पॅकेट कुठल्या रांगेत टाकायचं हे कार्डच ठरवतं. पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि दोन्ही पोर्ट क्रमांक (हे संवादाचे, कार्डाच्या पोर्टांचे नव्हेत) घ्यायचे, त्यांचा एक गणिती अंक काढायचा आणि त्या अंकावरून रांग निवडायची. याला आरएसएस, म्हणजे रिसीव्ह साइड स्केलिंग, म्हणतात. यातली खुबी अशी की एकाच संवादाची सगळी पॅकेट एकाच रांगेत पडतात, त्यामुळे मागची पुढे, पुढची मागे होत नाहीत. क्रम बिघडला तर टीसीपीला वाटतं की मधलं हरवलं, आणि ते विनाकारण पुन्हा पाठवायला लागतं.

पण हा अंक काढायला कार्डाला आतले आयपी पत्ते दिसायला हवेत. पीपीपीओई हे पाकीट आहे. 1999 च्या आरएफसी 2516 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ते ठरलं. डायल-अपच्या काळातली नाव-पासवर्डची सवय इथरनेटवर आणायची होती, म्हणून इथरनेट आणि आयपी यांच्यामध्ये आठ बाइट घातले. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं ते एवढंच की ही आयपीची फ्रेम नाही. आमचं कार्ड ज्या पिढीतलं होतं त्याला पाकिटाच्या आतलं वाचता येत नव्हतं. जे ओळखता येत नाही ते सगळं ते शून्य क्रमांकाच्या रांगेत टाकत होतं. तीन हजार घरांचं सगळं अपलोड एका रांगेत, एका कोअरवर.

सोळा काय, बत्तीस कोअरचा सर्व्हर आणला असता तरी असंच झालं असतं. एकतीस कोअर आरामात आणि पहिला धापा टाकत.

हे सापडायच्या आधी मी एक गोष्ट करून बसले होते, ती सांगायला हवी, कारण पुष्कळ ठिकाणी हाच सल्ला मिळतो. कार्डाची रिंग, म्हणजे पॅकेट टेकवायची जागा, 512 होती ती 4096 केली. गळती खरंच कमी झाली. पण रात्री गेम खेळणाऱ्या मुलांचे फोन वाढले. हिशोब साधा आहे. कोअर सेकंदाला 2 लाख 60 हजार पॅकेट उचलतो. रांग 4096 ने भरलेली असेल तर शेवटच्या पॅकेटला साधारण 16 मिलिसेकंद थांबावं लागतं, 512 असताना दोन मिलिसेकंद लागायचे. उपसायची ताकद न वाढवता हौद मोठा केला की पाणी आत जास्त वेळ थांबतं, एवढंच होतं. घटकाभराचा लोंढा सोसायला मोठी रिंग उपयोगी पडते. रोजची तीन तासांची गर्दी तिने हटत नाही.

उपाय कर्नलमध्येच होता. आरपीएस (रिसीव्ह पॅकेट स्टिअरिंग) नावाची सोय गूगलमधल्या टॉम हर्बर्ट यांनी लिहिली आणि 2010 पासून ती लिनक्समध्ये आहे. कार्डाला जे वाटप जमत नाही ते कर्नल सॉफ्टवेअरमध्ये करतो. पहिला कोअर पॅकेट उचलतो, पत्ते बघून अंक काढतो आणि बाकीचं सगळं काम दुसऱ्या कोअरकडे सोपवतो. महत्त्वाची गोष्ट म्हणजे कर्नलच्या या वाचकाला पीपीपीओईचं पाकीट उघडून आतले आयपी पत्ते वाचता येतात. त्या रांगेच्या फाइलमध्ये “एफई” ही दोन अक्षरं लिहायची, म्हणजे पहिला सोडून उरलेले सात कोअर. पैसे शून्य. सर्व्हर बंदसुद्धा करावा लागला नाही.

रात्री नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मी ती ओळ लिहिली. पहिला कोअर शंभरावरून तिसावर आला, बाकीचे पंचविशीच्या आसपास गेले. “मिस्ड”चा आकडा जिथे होता तिथे थांबला. मी पाच मिनिटं तो एकच आकडा बघत बसले होते. दुसऱ्या दिवशी बुधगावच्या काकांना मी आपणहून फोन केला आणि राउटर बंद-चालू करायला लावल्याबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, “आता सर तिला गप बस म्हणायला लागल्यात.”

सरासरी मात्र वाढली होती. 21 वरून 26. वाटपाचे कष्ट वेगळे, आणि आधी जे गळून जात होतं त्याचंही काम आता होत होतं.

इथेच थांबता आलं असतं, पण मला आता मीटरची चटक लागली होती. पर्फ नावाचं साधन कोअर नेमका कुठल्या फंक्शनमध्ये वेळ घालवतो ते दाखवतं. यादीत सगळ्यात वर कार्डाचा ड्रायव्हर असेल असं वाटलं होतं. वर होतं आयपीटेबल्सच्या, म्हणजे कुठलं पॅकेट सोडायचं आणि कुठलं अडवायचं हे ठरवणाऱ्या लिनक्सच्या सोयीच्या, नियमांची यादी वाचणारं फंक्शन. नियम मोजले तर 1,140. पैसे थकलेल्या प्रत्येक ग्राहकासाठी एक नियम, सरकारी आदेशाने बंद करायच्या प्रत्येक पत्त्यासाठी एक नियम, वर्षानुवर्षं साचत गेलेले. आणि ते सगळे यादीच्या अगदी वर, चालू संवादांना सोडून देणाऱ्या नियमाच्याही आधी, कारण ग्राहक बंद केला की त्याचं चालू डाउनलोडही ताबडतोब थांबावं असं आम्हाला हवं होतं. परिणाम असा की पैसे वेळेवर भरणाऱ्या माणसाचं प्रत्येक पॅकेट थकबाकीदारांची पूर्ण यादी ओळीने वाचून मगच पुढे जायचं. सेकंदाला साडेपाच लाख पॅकेट, प्रत्येकाला अकराशेच्या वर ओळी.

याला आयपीसेट आहे. सगळे पत्ते एका हॅश तक्त्यात घालायचे आणि नियम लिहायचा एकच, की पत्ता या तक्त्यात आहे का. तक्त्यात शंभर पत्ते असोत की लाख, शोधायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच. एका दुपारी बिलिंगची स्क्रिप्ट बदलली. रात्री आठही कोअर पंधराच्या खाली. विक्रेत्याचं कोटेशन त्या दिवशी फाइलला लावून टाकलं.

महिन्याभरात, जुलैमध्ये, कृष्णेला पूर आला. सांगलीच्या निम्म्या भागात वीज नव्हती, आमची खोली बॅटरी आणि जनरेटरवर चालली. त्या दिवसांत लोकांकडे नेटशिवाय दुसरा निरोप्या नव्हता. तो सर्व्हर तेव्हा टिकला याचं समाधान मला आजही आहे.

त्यानंतर मी या विषयाच्या मुळाशी जायचं ठरवलं. रोज रात्री एक तास वाचन.

पहिली गोष्ट कळली ती ही की माझ्या सर्व्हरला जे झालं ते माणसांनी फार आधी पाहून ठेवलं होतं. पूर्वी प्रत्येक पॅकेट आलं की कार्ड सीपीयूला घंटी मारायचं. डेअरीत प्रत्येक किटलीला घंटी वाजली आणि प्रत्येक घंटीला मामा हातातलं काम टाकून दारात गेले तर वहीत नोंद कधीच होणार नाही. पॅकेट फार झाली की सीपीयू नुसत्या घंट्यांना ओ देण्यात संपून जातो आणि एकही पॅकेट पुढे जात नाही. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी 1996 मध्ये यावर निबंध लिहिला. लिनक्समध्ये त्यावरचा उतारा जमाल हादी सलीम, रॉबर्ट ऑलसन आणि अलेक्सी कुझ्नेत्सोव यांनी 2001 मध्ये मांडला. पहिली घंटी वाजली की घंटी बंद करायची, दारात जमलेल्या किटल्या एका दमात उचलायच्या, एका फेरीत एका रांगेतून 64 पर्यंत, आणि दार रिकामं झालं की घंटी पुन्हा चालू. याला नापी म्हणतात, आणि आपला प्रत्येक लिनक्स सर्व्हर आज असाच चालतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पिसा. इटलीतल्या पिसा विद्यापीठातल्या लुइजी रिझ्झो यांनी 2012 मध्ये नेटमॅप हे पॅकेट वेगाने हाताळायचं सॉफ्टवेअर दाखवलं. फक्त 900 मेगाहर्ट्झवर चालणारा एक कोअर ते वर लिहिलेले 1 कोटी 48 लाख पॅकेट सेकंदाला पाठवू शकला. 900 मेगाहर्ट्झ! माझा 2.4 गिगाहर्ट्झचा कोअर अडीच लाखांत गुदमरत होता. माझ्या कोअरवर नॅट, नियम आणि वेगाची बांधणी होती, त्यामुळे तुलना सरळ नाही. तरी फरक डोळ्यात भरतो, आणि त्याचं कारण त्यांनी स्पष्ट केलं आहे. प्रत्येक पॅकेटसाठी नव्याने मेमरी मागायची, त्याची नक्कल करायची, प्रत्येकासाठी कर्नलचा उंबरठा ओलांडायचा, हे तीन खर्च त्यांनी काढून टाकले. जागा आधीच राखून ठेवायची, ती कार्ड आणि प्रोग्रॅम दोघांनी वाटून वापरायची, आणि उंबरठा एकदा ओलांडला की पॅकेटांचा पुंजका घेऊन यायचं.

याच वाटेवर पुढे डीपीडीके (डेटा प्लेन डेव्हलपमेंट किट) आहे. ते इंटेलमध्ये सुरू झालं, व्यंकी व्यंकटेशन यांना त्याचे जनक मानतात. ते 2018 मध्ये गेले. 2013 मध्ये 6विंड या फ्रेंच कंपनीने त्याचं खुलं संकेतस्थळ उभं केलं आणि 2017 मध्ये प्रकल्प लिनक्स फाउंडेशनकडे आला. यात कर्नलला बाजूलाच सारतात. कार्ड थेट प्रोग्रॅमच्या ताब्यात, घंटी नाहीच, एक कोअर कायम दाराकडे डोळे लावून उभा. मेमरीची पानं चार किलोबाइटऐवजी दोन मेगाबाइट किंवा एक गिगाबाइटची, म्हणजे पत्ता शोधण्यात वेळ कमी जातो. सिस्कोने 2016 मध्ये खुलं केलेलं व्हीपीपी हे पॅकेट हाताळणारं सॉफ्टवेअरही सहसा याच्यावरच चालतं, आणि त्यातला विचार मला सगळ्यात देखणा वाटतो. एकेक पॅकेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेण्याऐवजी 256 पर्यंत पॅकेट एकत्र घ्यायची आणि सगळ्यांवर पहिली क्रिया, मग सगळ्यांवर दुसरी. त्या क्रियेचा कोड सीपीयूच्या जवळच्या कॅशमध्ये एकदा आला की 256 जणांना पुरतो. पुरणपोळ्यांच्या दिवशी आई आधी सगळे उंडे भरून ठेवते आणि मग लाटायला बसते, तेच.

एक जुनं दोन पोर्टांचं कार्ड घेऊन मी डीपीडीके ऑफिसात चालवून पाहिलं. 64 बाइटची पॅकेट दोन पोर्टांमध्ये पूर्ण वेगाने पळाली, एकही न गाळता. डोळ्यांचं पारणं फिटलं. तरी ग्राहकांच्या सर्व्हरवर मी ते आणलं नाही, आणि माझ्या मते आमच्या आकाराच्या कुणीही घाईने आणू नये. कार्ड डीपीडीकेकडे गेलं की कर्नलला ते दिसत नाही. इथटूल बंद, टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) बंद, ज्या ज्या मीटरने मी दुखणं शोधलं ती सगळी एकदम आंधळी. लॉगिन, बिलिंग, वेगाची बांधणी, सगळं नव्याने जुळवायचं. शिवाय पहाटे तीन वाजता एकही पॅकेट नसताना कोअर शंभर टक्क्यांवर. बॅटरीवर सर्व्हर चालवलेल्या माणसाला ते सोसत नाही. सेकंदाला कोटी पॅकेट असतील तर प्रश्न वेगळा, आमची साडेपाच लाख आहेत.

एक्सडीपी मात्र आणलं, आणि त्याची गरजही अचानक पडली. 2023 मध्ये एका संध्याकाळी आमच्या एका ग्राहकाच्या पत्त्यावर बाहेरून यूडीपीच्या (पोच न घेता पाठवायची पद्धत) छोट्या पॅकेटांचा मारा सुरू झाला. सेकंदाला 19 लाख. लिंक भरली नव्हती, पण सर्व्हर बसला, कारण कर्नल प्रत्येक नको असलेल्या पॅकेटसाठी आधी दोनशेहून जास्त बाइटांचा एक कागद तयार करतो, संवादांच्या तक्त्यात शोधतो, आणि मग आयपीटेबल्स ते टाकून देतं. टाकण्याच्याच पॅकेटवर सगळा खर्च करून झाल्यावर.

एक्सडीपी 2016 मध्ये लिनक्स 4.8 बरोबर आलं. यात तुमचा छोटा प्रोग्रॅम कार्डाच्या ड्रायव्हरमध्येच चालतो, तो कागद तयार व्हायच्या आधी. पॅकेटकडे बघायचं आणि सांगायचं की टाक, पुढे जाऊ दे किंवा परत पाठव. 2018 च्या निबंधात त्याच्या कर्त्यांनी एका कोअरवर सेकंदाला 2 कोटी 40 लाख पॅकेटपर्यंत मोजमाप दाखवलं आहे. आणि कर्नल, टीसीपीडंप, इथटूल सगळं जागच्या जागी राहतं, ही माझ्यासाठी मोठी गोष्ट. (एक्सडीपीने टाकलेलं पॅकेट टीसीपीडंपला दिसत नाही, हे लक्षात ठेवा. मोजणी प्रोग्रॅममध्ये स्वतः घालावी लागते.)

कर्नलच्या पोटात बाहेरचा प्रोग्रॅम चालवायचा म्हणजे भीती असतेच, म्हणून व्हेरिफायर बसवलेला आहे. तो प्रोग्रॅम चालवण्याआधी त्याच्या सगळ्या वाटा तपासतो. माझा चाळीस ओळींचा सी भाषेतला प्रोग्रॅम त्याने सलग अकरा वेळा परत केला. “पॅकेटमध्ये चुकीच्या जागी हात घातला” या अर्थाचा एकच निरोप. यूडीपीचं पोर्ट वाचण्याआधी पॅकेट तिथपर्यंत लांब आहे का, हे मी तपासलंच नव्हतं. त्याचं म्हणणं बरोबर होतं, तोकडं पॅकेट आलं असतं तर मी दुसऱ्याच मेमरीत वाचलं असतं. बाराव्या वेळी त्याने होकार दिला. मारा चालूच होता, आणि त्याचा एकाही कोअरवर पाच टक्क्यांहून जास्त बोजा नव्हता. बाकीच्या ग्राहकांना नंतर काही जाणवलं नाही.

या सगळ्याच्या मुळाशी असलेलं बीपीएफ, म्हणजे कर्नलमध्ये पॅकेट गाळायची सोय, स्टीव्हन मकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी बर्कलीच्या प्रयोगशाळेत घडवलं, त्यांचा निबंध 1993 चा. टीसीपीडंपमध्ये आपण जी गाळणी लिहितो ती तेव्हापासून त्यावरच चालते. मी ती पंधरा वर्षं रोज वापरत होते आणि तिच्याच घराण्यातलं हत्यार त्या संध्याकाळी उपयोगी पडलं. 2014 मध्ये अलेक्सी स्तारोवोइतोव यांनी ते नव्याने बांधलं, त्याला ईबीपीएफ म्हणतात, आणि एक्सडीपीचे प्रोग्रॅम त्यावरच चालतात.

आता आमचे ग्राहक वाढले आहेत, अपलोडही वाढलं आहे, आणि आरपीएसमध्ये पहिल्या कोअरवर वाटपाचा बोजा पुन्हा पन्नाशीकडे चालला आहे. म्हणून नवं कार्ड मागवलं आहे, पीपीपीओईचं पाकीट स्वतः वाचू शकणारं. ते पुढच्या आठवड्यात येईल. कागदावर लिहिलं आहे म्हणून मी ते थेट लावणार नाही. आधी ऑफिसातल्या दोन मशीनमध्ये दोनशे खोटी लॉगिन उभी करायची, 80 बाइटची पॅकेट सोडायची आणि प्रत्येक रांगेची मोजणी वेगवेगळी बघायची. आठही आकडे बरोबरीने चढले तर एका मंगळवारी पहाटे चारला बदल. फक्त पहिलाच चढला तर कार्ड परत.

आप्पांना सांगितलंय, त्या पहाटे तेही येणार आहेत. म्हणाले, मीटर मी धरतो.